हस्तरचा पत्ता

कादंबरीतला किंवा कथेतला एखादा अमानवी जीव पडद्यावर आला की आपली चर्चा ठरलेली असते. व्हीएफएक्स जमलेत का, बजेट किती होतं, हॉलिवूडच्या जवळ गेलंय का. ट्रेलर आला की लगेच स्क्रीनशॉट काढून झूम करून बघणं सुरू होतं: कातडी खरी वाटते का, डोळ्यांत पाणी दिसतं का. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण त्यांच्या गर्दीत एक साधा प्रश्न राहून जातो. हा जीव राहतो कुठे? तो कुणाच्या घरातून आला, कुणाच्या शेतातून, कुणाच्या पाणवठ्यावरून? थोडक्यात, त्याचा पत्ता काय?

माझं म्हणणं असं आहे, की आपल्याकडच्या भुताखेतांना पडद्यावर हळूहळू चांगला चेहरा मिळायला लागलाय, पण त्या बदल्यात त्यांचा पत्ता पुसला जातोय. आणि कोकणातलं भूत असेल तर पत्ता ही किरकोळ गोष्ट नसते. ते भूत का आहे, याचं अर्धं उत्तर पत्त्यातच असतं.

शब्दाला शरीर मिळतं तेव्हा

आधी सगळ्यांना माहीत असलेल्या जिवापासून सुरुवात करू. टॉल्किनचं ‘द हॉबिट’ १९३७ साली आलं. त्यात अंधाऱ्या तळ्याकाठी राहणारा गोलम आहे. पण पहिल्या आवृत्तीत तो किती मोठा आहे हे लेखकाने सांगितलेलंच नव्हतं. पुढे १९६२ साली स्वीडिश आवृत्तीसाठी तूव्हे यान्सन या चित्रकर्तीने गोलम काढला तो बिल्बोपेक्षा कितीतरी पट मोठा. मजकुरात तिला अडवणारं काहीच नव्हतं. नंतर १९६०च्या दशकातल्या सुधारित आवृत्तीत टॉल्किनने तो लहानखुरा असल्याचा शब्द घातला. म्हणजे जवळजवळ तीन दशकं जगभरच्या वाचकांच्या डोक्यात वेगवेगळ्या उंचीचे गोलम सुखाने नांदत होते.

२००२ मध्ये पीटर जॅक्सनच्या ‘द टू टॉवर्स’मध्ये अँडी सर्किसच्या हालचालींवरून संगणकाने गोलम उभा केला आणि ही विविधता संपली. आज डोळे मिटून गोलम आठवा. तुमचा आणि माझा गोलम एकच असेल. हे त्या सिनेमाचं यश आहे. पण त्याची एक किंमतही आहे. पानावर ‘काहीतरी हललं’ एवढं लिहून भागतं, पडद्यावर ‘काहीतरी’ दाखवता येत नाही. तिथे रंग ठरवावा लागतो, हाताची बोटं मोजावी लागतात. आणि एकदा ते ठरलं, की नंतरचे सगळे जीव त्या साच्यातून निघायला लागतात.

‘मुंज्या’ बघताना अनेकांना गोलम आठवला तो त्यामुळेच.

मेल्यावरही न सुटणारी जात

कोकणातल्या भुतांना चेहरा फारसा नव्हता, पण पत्ता पक्का होता. १९१५ साली आर. ई. एन्थोव्हेन यांनी कोकणातल्या लोकसमजुतींचा एक संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यामागची माहिती ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली होती. हेच जॅक्सन १९०९ मध्ये नाशिकला मारले गेले. गावोगावच्या शाळामास्तरांकडून आलेल्या उत्तरांवर तो संग्रह उभा आहे. त्यातली भुतांची प्रकरणं वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. भूत कसं दिसतं यावर माहिती कमी आहे. ते मेलेलं माणूस कोण होतं, यावर मात्र भरपूर आहे.

मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज होण्याआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. तो पिंपळावर राहतो. समंध म्हणजे वासना मागे ठेवून मेलेला ब्राह्मण. खवीस हे लोकसमजुतीत मुसलमानाचं किंवा हबशाचं भूत. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो डोहातच राहतो. भुताच्या नावातच त्याची जात, त्याचं वय, त्याचं मरण आणि त्याची जागा आलेली असते. आजीने ‘त्या पिंपळाखालून जाऊ नको, मुंजा आहे’ असं म्हटलं, की त्यात भुताचं वर्णन नसतं. गावात कोण कुठे राहतं, कुणाचं पोर अर्ध्यावर गेलं, कोणत्या वाटेने कुणी जायचं नाही, याचा तो नकाशा असतो.

ही काही अभिमानाने मिरवायची यादी नाही. मेल्यावरही जात सुटत नाही, असं ती यादी सांगते. पण म्हणूनच ती खरी आहे. ज्या समाजाने ही भुतं तयार केली, त्या समाजाची सही त्यांच्यावर आहे.

मुंज्या: नियम आहे, घर नाही

२०२४ मध्ये आलेला आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा सिनेमा या यादीतल्या एका नावावर उभा आहे. तो चालला आणि त्याने मराठी घर, मराठी आजी, कोकणातला समुद्र हे सगळं हिंदीतल्या मोठ्या प्रेक्षकांसमोर नेलं. त्यातला मुंज्या पूर्णपणे संगणकावर तयार केलेला आहे: बटबटीत डोळे, काटकुळं अंग, माकडासारख्या उड्या. लोककथेतला नियमही सिनेमाने पाळलाय. गोट्याची मुंज होते आणि ठरावीक दिवस उलटण्याआधी तो मरतो, म्हणून तो मुंज्या होतो.

पण हा नियम सिनेमात एखाद्या गेममधल्या नियमासारखा येतो. मुंज कुणाची होते, कुणाची होत नाही, हा प्रश्न एकदाही हवेत येत नाही. गावातल्या कुठल्याही हट्टी पोराचं भूत तसंच झालं असतं, असं वाटत राहतं. लोककथेतला मुंजा भयाण वाटतो, कारण ज्या संस्काराने त्याला इतरांपेक्षा वर नेऊन बसवलं, त्याच संस्काराच्या मध्यावर तो अडकलाय. दोन पायऱ्यांमध्ये लटकलेलं पोर आहे ते. सिनेमातल्या मुंज्याला फक्त लग्न हवंय. ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीचा पिच्छा न सोडणारा पुरुष, हा त्यातला अर्थ आजच्या काळाला लागू पडतो आणि तो दिग्दर्शकाने नीट पोचवलाय, हे मान्य करायला हवं. तरी पिंपळावरून उतरून हा मुंज्या जगातल्या कुठल्याही जंगलात राहायला गेला, तर त्याचं काही बिघडणार नाही. चेहरा नवा मिळाला, घर गेलं.

तुंबाड: शरीर बरोबर का वाटतं

याच्या उलट उदाहरण म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा थिएटरात फार गर्दी नव्हती. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो मोठ्या पडद्यावर पाहिला असेल. या सिनेमाची मुळं दोन मराठी पुस्तकांत आहेत. नाव आलंय श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ च्या दोन खंडी कादंबरीवरून. भीतीचं बीज आलंय नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेतून, आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा आहे. जंगलात मित्राने रात्री सांगितलेली गोष्ट पुढे धारपांची निघाली, असं बर्वे यांनी सांगितलेलं आहे. हस्तर हे नावही अमेरिकन भयकथांमधल्या ‘हॅस्टर’ची आठवण करून देतं. म्हणजे हा जीव बऱ्याच बंदरांना लागून कोकणात उतरलेला आहे.

तरीही तो आपला वाटतो, कारण त्याचं शरीर त्याच्या गोष्टीतून निघालंय. समृद्धीच्या देवीचं हे पहिलं अपत्य. आईचं सगळं सोनं त्याने घेतलं. धान्याकडे हात नेला तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला फोडून काढलं. आईने त्याला वाचवलं ते एका अटीवर: त्याची पूजा कधी होणार नाही, त्याचं नाव विसरलं जाईल. आता पडद्यावर काय दिसतं ते बघा. आईच्या पोटात राहणारं हे मूल लालभडक आहे, सोललेल्या मांसासारखं. भोवतालच्या भिंती श्वास घेतात. अंगावर लंगोट, आणि त्यात नाणी. शेकडो वर्षांची भूक, म्हणून कणकेची बाहुली दिसताच झडप. विनायक ती बाहुली पुढे करतो आणि नाणी ओरबाडतो. पुढे त्याचा मुलगा एकाऐवजी अनेक बाहुल्या नेण्याची युक्ती काढतो, आणि बाहुल्यांइतकेच हस्तर समोर उभे राहतात. जेवढी हाव, तेवढे राक्षस. इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आकारच सांगतो.

कादंबरीतला किंवा कथेतला जीव पडद्यावर नेण्याची ही योग्य रीत आहे, असं मला वाटतं. आधी डिझाइन आणि मग त्याला गोष्ट चिकटवली, असं झालेलं नाही.

पण मग या हस्तरचा पत्ता काय?

काशेडीच्या अलीकडे, पलीकडे

तुंबाड हे खरं गाव आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठाला. खेडहून मुंबईकडे निघालात की काशेडी घाट लागतो, घाट उतरला की पोलादपूर, आणि तिथून पुढे सावित्रीच्या काठाने महाड. जिल्हे दोन असले तरी पाऊस तोच, भाताची खाचरं तीच. आणि इंग्रजांच्या काळात या पट्ट्यावर बसलेली व्यवस्थाही तीच: खोती.

खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारला ठरलेला भाग देणारा मधला माणूस. वरचं सगळं त्याचं. कुळाने भात पिकवायचं आणि खोताच्या खळ्यावर आणून टाकायचं; अर्धेलीत निम्मं पीक जायचं. वर वेठ वेगळी. खोताचं घर शाकारायचं, त्याची पालखी वाहायची, त्याच्या शेतात फुकट राबायचं. पेंडशांच्या कादंबरीत हस्तर नाही, त्याची गरजही नाही. तिथे खोतांच्या पिढ्या आहेत, त्यांची मिजास आहे, त्यांची पडझड आहे.

आता सिनेमा पुन्हा आठवा. वाडा आहे, सरकार आहे, पुण्याची ऐश आहे, सोनं आहे, न थांबणारा पाऊस आहे. फक्त कुळं नाहीत. त्या पावसात भात कोण लावतं, कणकेच्या बाहुलीसाठी धान्य कुणी पिकवलं, हे दिसत नाही. हावेची गोष्ट सांगताना सिनेमा ती एका कुटुंबाच्या रक्तात आणि एका देवाच्या पोटात ठेवतो. खरी हाव खळ्यावर होती, मापात होती, कागदावर होती. त्या हावेविरुद्ध अलिबागकडच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडावं लागलं. सिनेमाची शेवटची वर्षं याच काळातली आहेत, पण या सगळ्याचा आवाज वाड्याच्या भिंतींच्या आत येत नाही.

चवदार तळ्यावरचा न दिसणारा जीव

पाण्यावर राहणाऱ्या भुताला कोकणात गिऱ्हा म्हणतात, हे वर आलंच. महाडच्या चवदार तळ्यावर मात्र शतकानुशतकं त्याहून कितीतरी ताकदवान जीव बसलेला होता. त्याला ना दात होते ना नखं. त्याचं चित्र कुणी काढलं नाही, कारण तो कुणी पाहिलाच नव्हता. त्याचं नाव विटाळ.

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं, तरी त्या न दिसणाऱ्या जिवाच्या भीतीने पाण्याला हात लागत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेले लोक डॉ. आंबेडकरांसोबत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. काही झालं नाही. पाणी लाल झालं नाही, आतून काही वर आलं नाही. मग थोड्या वेळाने गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. लाठ्या निघाल्या, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं.

ही सगळी गोष्ट भयकथेच्या नजरेने एकदा बघा. न दिसणारा जीव, त्याच्या स्पर्शाची भीती, अफवा, उतारा. भयपटाला लागतं ते सगळं इथे आहे. फरक एवढाच की यात डोकी खरी फुटली, आणि ज्यांना भयंकर ठरवलं गेलं ते फक्त तहानलेले होते.

खटला कोर्टात गेला तेव्हा तळ्यावर हक्क सांगणाऱ्यांचा एक मोठा दावा होता की ही प्रथा अनादी काळापासून चालत आलेली आहे. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा मानला नाही. ही गोष्ट मला हस्तरच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. हस्तरची पुराणकथा सिनेमावाल्यांनी रचलेली आहे, ती कुठल्याही पुराणात नाही. तरी सिनेमा बघून कित्येक जण ती खरी समजले. भारदस्त आवाजात, गंभीर संगीतावर सांगितली की कालची गोष्टही अनादी वाटते. सिनेमाने ही ताकद मनोरंजनासाठी वापरली. महाडमध्ये तीच ताकद पाण्यावर पहारा ठेवायला वापरली गेली होती.

गोष्ट कोण सांगतं

इथून परत ‘तुंबाड’कडे गेलं, की त्यातले नियम वेगळे दिसायला लागतात. हस्तरचा स्पर्श झाला तर माणूस माणूस राहत नाही. पिठाचं रिंगण आखलं तर हस्तर आत येऊ शकत नाही. अन्नाला त्याने हात लावायचा नाही. देवळात त्याला जागा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. स्पर्श, रेघ, अन्न, देऊळ, नाव: ही यादी कोकणातल्या कुठल्याही जुन्या गावाला पाठ होती.

हस्तर म्हणजे दलित, असं सोपं समीकरण मी मांडत नाही. ते चुकीचंही होईल आणि अपमानकारकही. हस्तरने आधी सगळं सोनं घेतलेलं आहे. तो नाडलेला नाही, धनाढ्य आहे. मुद्दा वेगळा आहे. सिनेमाला भीती उभी करायची होती, आणि ती उभी करायला त्याने नकळत तेच सामान उचललं जे या घरांत आधीपासून होतं. हस्तर हावरा होता हे आपल्याला कोण सांगतं? त्याच घराण्याचा माणूस, जो त्याच्या लंगोटातून नाणी चोरतो. धान्य ज्यांच्याकडे राहिलं त्या देवांची बाजू आपण निमूट मान्य करतो. सिनेमा विनायकच्या हावेवर बोट ठेवतो, हे त्याचं मोठेपण. पण ज्या पुराणावर सगळं उभं आहे, त्या पुराणाला तो एकदाही उलटा प्रश्न विचारत नाही. रचलेलं पुराण हातात होतं, विचारता आलं असतं.

हे जमू शकतं याचा पुरावा मराठीत आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त एक जादूचा जीव आहे: काळी चिमणी. तिला पकडून जाळलं आणि ती राख आवडत्या मुलीवर टाकली की ती वश होते, असा समज. जब्या गलोल घेऊन तिच्या मागे फिरतो. या चिमणीला कुठलाही व्हीएफएक्स लागलेला नाही. तरी ती कुठे राहते हे आपल्याला नेमकं कळतं. ती राहते गावाबाहेर, बाभळींत, जब्याच्या घराच्या आणि शालूच्या घराच्या मधल्या अंतरात. त्याच सिनेमात दुसरा प्राणी आहे डुक्कर, अगदी खरं, जे पकडण्यासाठी जब्याच्या घरच्यांना सगळ्या गावासमोर पळावं लागतं. एक प्राणी स्वप्नातला आणि एक गावाने माथी मारलेला. दोघांचा पत्ता एकच असल्यामुळे चिमणी इतकी लागते.

‘तुंबाड’च्या दुसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. कोकणातली आणखी भुतं रांगेत असणार. त्यांची कातडी आधीपेक्षा खरी दिसेल, याबद्दल शंका नाही. आता तर फोनवरही दोन ओळी टाइप केल्या की राक्षसाचं चित्र तयार होतं. म्हणून पुढचा ट्रेलर आला की स्क्रीनशॉट जरूर झूम करा. पण राक्षसाच्या मागचा भागही बघा. तिथे शेत आहे का, त्यात कुणी राबतंय का, पाणवठा आहे का आणि त्यावर कोण येऊ शकतं. तिथे नुसतं धुकं असेल, तर ते कोकणातलं भूत नाही. कोकणातल्या भुताला घर असतं, आणि त्या घराबाहेर कुणाला तरी उभं ठेवलेलं असतं.